थॉमस मिचेल: एका वर्षात किती सिनेमांत?

प्रश्न
१९३९चे हॉलिवूडपट ओळीने बघायला घेतलेत. 'स्टेजकोच'मधला दारुडा डॉक्टर पाहिला. दोनच दिवसांनी 'गॉन विथ द विंड' लावला, तर नायिका स्कार्लेटचे वडील बोलायला लागले आणि मी चमकलो. हा आवाज ओळखीचा! नावं पाहिली, थॉमस मिचेल. मग 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मध्ये पत्रकार म्हणून परत हजर. हे गृहस्थ त्या वर्षी झोपत तरी होते का? आणि ह्यांचं नाव कुणाच्या तोंडी कसं नाही?

प्रतिसाद १
अजून दोन राहिले. 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज'मध्ये नजर अधू होत चाललेला वैमानिक आणि 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मध्ये भिकाऱ्यांचा राजा. म्हणजे एकूण पाच. ऑस्कर मिळालं ते 'स्टेजकोच'साठी, सहाय्यक अभिनेता म्हणून.

प्रतिसाद २
माझा अगदी जिव्हाळ्याचा माणूस! जन्म १८९२, न्यू जर्सी, आईवडील आयर्लंडहून आलेले. आधी वार्ताहर, मग रंगभूमी, सिनेमा त्यानंतर. स्कार्लेटचे वडील झाले तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. (आई झालेली बार्बरा ओ'नील तर स्कार्लेट झालेल्या व्हिव्हियन लीपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठी. असो.)

'स्टेजकोच' पुन्हा लावा आणि फक्त ह्यांच्याकडे बघा. शेजारी बसलेल्या व्हिस्की-विक्रेत्याच्या नमुन्याच्या बाटल्या हा डॉक्टर गोडीगोडीने रिकाम्या करतो. मग बाळंतपणाची वेळ येते आणि तो कॉफी मागतो. काळी, एकामागून एक. नशा उतरवायचं ते दृश्य हसवायला लागतं आणि मध्येच हसू थांबतं, कारण समोर एकदम खरा डॉक्टर उभा असतो. दारुडा रंगवताना झोकांड्या देणारे ढीगभर आहेत. शुद्धीवर यायची धडपड दाखवणारे थोडे.

प्रतिसाद ३
'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधले बिली काका विसरलात? लक्षात राहावं म्हणून बोटांना दोरे बांधलेले, आणि तरी ८,००० डॉलर्स वर्तमानपत्राच्या घडीत घालून नेमके शत्रूच्याच हातात देतात!

मूळ प्रश्नकर्ता
अरे देवा, ते हेच? तो सिनेमा चार वेळा पाहिलाय मी. 😀

प्रतिसाद २
हेच! आणि टीव्हीवर पीटर फॉकने गाजवलेला पोलीस डिटेक्टिव्ह कोलंबो, तो फॉकच्या आधी हेच होते, रंगमंचावर, १९६२ साली. त्याच डिसेंबरात गेले.

बिली काका पिऊन घरी निघतात ते दृश्य पाचव्यांदा बघा. ते चौकटीबाहेर जातात आणि धडामधूम आवाज येतो. सांगतात की सेटवर कुणाच्या तरी हातून सामान पडलं होतं. मिचेल तिकडूनच ओरडले, "मी ठीक आहे, मी ठीक आहे!" दिग्दर्शक काप्रांनी ते तसंच ठेवलं.