मदत हवी आहे : घाबरलेल्या कॉलरला श्वासाबद्दल नेमकं कसं विचारायचं?

१०८, ११२ वर कॉल घेणाऱ्यांना प्रश्न. पत्ता आधी, तोही खुणेसह (देऊळ, पेट्रोल पंप, हायवेवरचा किलोमीटरचा दगड), इथवर जमतं. ओरडणाऱ्याला तेच वाक्य त्याच सुरात तीन-चारदा सांगितलं की ऐकतो; "शांत व्हा" म्हटलं की उलट भडकतो. अडतं ते पुढे. "श्वास चालू आहे का?" तर "हो, घोरतायत!" हृदय बंद पडल्यावरचे ते तुटक आचके असतात, आणि छाती दाबायला उशीर होतो. श्वासांमधलं अंतर कळावं म्हणून "छाती वर आली की दर वेळी 'आता' म्हणा" असं सांगायचं असतं; हे अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांना कोणत्या शब्दांत सांगता?

शिवाय मिनिटाला १०० ते १२० दाबांचा ताल फोनवर कसा धरता? मोठ्यानं आकडे मोजताना दहापर्यंत ठीक, "एकोणीस"ला जीभ अडखळते नि वेग पडतो.