शब्दचर्चा : फाइल सर्व्हरवर चढवायची, टाकायची, सोडायची की ठेवायची?

आठवी गल्ली :
शनिवार-रविवार राजारामपुरीत एक छोटा वर्ग घेते. येणारे म्हणजे चप्पलवाले, मसालेवाले, गूळवाले आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांची पोरं. चार पानांचं संकेतस्थळ हातानं लिहायचं आणि विकत घेतलेल्या होस्टिंगवर, म्हणजे साईट जगाला दाखवणाऱ्या संगणकावरच्या (सर्व्हरवरच्या) आपल्या जागेत, नेऊन पोचवायचं, एवढाच विषय. लिहिणं बरं जमतं. घोडं अडतं ते पोचवण्यात, आणि माझ्या मते त्यातला निम्मा घोळ क्रियापदाचा आहे.

"बाई, साईट टाकली पण दिसंना." "मॅडम, फोटो सोडल्यात, आलेत का बघा." "चढवलं की, शंभर टक्के झालंय." शंभर टक्के झालेलं असतं हे खरंच. कुठं झालंय, ते सांगता येत नाही.

मराठीत दोन पानी माहितीपत्रक काढतेय. त्यात कोणतं क्रियापद धरू? परिभाषाकोशातलं नको, चालतं-बोलतं पाहिजे.

सायबर चौक :
अपलोड. विषय संपला. बटणावर जे लिहिलंय ते शिकवा की मॅडम. पोरगं उद्या फाइली पाठवायला फाइलझिला उघडणार, नाहीतर विनएससीपी, नाहीतर होस्टिंगवाल्याचा फाइल मॅनेजर. तिथं 'चढवा' कुठं शोधत बसणार ते? मराठी शब्दाचा आग्रह धरायचा तर स्क्रीनवर तो शब्द दिसला तरी पाहिजे.

जुळारी :
अपलोड राहू दे, पण 'चढवणे' हा कुणी समितीत बसून पाडलेला शब्द आहे असं समजू नका. छापखान्यात फर्मा, म्हणजे छापायला जुळवून बांधलेली पानं, मशीनवर चढवायचे. जुळणी झाली, तपासणी झाली, आता छापून बाहेर जाणार, त्या क्षणाचं हे क्रियापद. संकेतस्थळाचं काय वेगळं असतं? मराठी विकिपीडियावरही 'संचिका चढवा' असंच आहे.

आणि गावाकडं आणखी एक वापर बघा. सातबाऱ्यावर नाव चढतं. सोसायटीचा बोजा चढतो. म्हणजे गोष्ट तुमच्याकडून जात नाही, सरकारी कागदावर तिची नोंद होते आणि मग ती कुणालाही बघता येते. अपलोडमध्ये नेमकं हेच होतं. फाइल तुमच्या मशीनवर राहतेच, तिची प्रत तिकडं लागते.

डाउनलोडला तर मराठीत आयता प्रयोग आहे : उतरवून घेणे. फळ्यावरचं उतरवून घ्या म्हटलं की फळा कोरा होत नाही. नुसतं 'उतरवणे' मात्र नको. गाडीतला माल उतरवला की गाडी रिकामी होते. 'घेणे' लावलं तरच प्रतीचा अर्थ येतो.

चप्पल लाईन :
काका, सगळं खरं. पण आमच्यात "काल रात्री चढवली" म्हटलं तर घरात वेगळाच अर्थ निघतोय 😄

तेवढं सोडलं तर 'उतरवून घेणे' एकदम फिट्ट. आमच्या दुकानात एकाला भीती होती की सर्व्हरवरची फाइल खाली घेतली तर तिकडची साईट बंद पडंल.

शिरोली नाका :
माझं कामच दिवसभर फोनवर 'टाकलंय पण दिसत नाही' ऐकायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक जात अशी, की साईट सर्व्हरवर गेलेलीच नसते. माणूस म्हणतो, दिसतंय की माझ्या मशीनवर. पत्त्याची पट्टी वाचून दाखवा म्हटलं की 'फाइल', पुढं तीन तिरक्या रेघा, पुढं सी ड्राइव्ह, युजर्स, डेस्कटॉप असं वाचतो. म्हणजे ब्राउझरनं त्याच्याच डेस्कटॉपवरचं पान उघडलंय. ह्याचाच धाकटा भाऊ म्हणजे फोटोचा पत्ता. पान चढतं, पण पानाच्या आत फोटोचा पत्ता सी ड्राइव्हचा लिहिलेला असतो. त्याला स्वतःला फोटो दिसला तर डेस्कटॉपवरच्या पानात दिसतो, बाकी जगाला तुटलेली चौकट.

दुसरी जात सगळ्यात मोठी. फाइलझिलासारख्यात सर्व्हरशी जोडणी झाली की खिडकीचे दोन भाग दिसतात, डावीकडं आपलं मशीन, उजवीकडं सर्व्हर. उजवीकडं पहिल्यांदा जे उघडतं ते बहुतेक ठिकाणी तुमच्या खात्याचं मूळ फोल्डर असतं. त्यात मेलचं फोल्डर, लॉगचं फोल्डर, असली मंडळी, आणि त्यातच एक 'पब्लिक अंडरस्कोर एचटीएमएल' नावाचं. काही होस्टिंगवर त्याच कामाच्या फोल्डरचं नाव 'एचटीडॉक्स' असतं, काही ठिकाणी नुसतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'. जगाला दिसतं ते फक्त त्याच्या आतलं. माणूस फाइल मूळ फोल्डरमध्येच ओढून सोडतो. खाली हिरवी खूण येते, रांग रिकामी होते, ट्रान्सफर यशस्वी. आणि साईट उघडली की होस्टिंगवाल्याचं 'लवकरच येत आहे' हे पान. सर्व्हर'वर' गेलंच की हो! आत गेलं नाही.

तिसरी : डेस्कटॉपवर 'नवीन साईट' नावाचं फोल्डर आहे, ते अख्खं उचलून आत टाकतात. मग पान उघडतं, पण पत्त्यापुढं तिरकी रेघ आणि त्या फोल्डरचं नाव टाइप केल्यावर. मी सगळ्यांना एकच वाक्य सांगते, फोल्डर न्यायचं नाही, फोल्डरमधलं न्यायचं.

तेव्हा आठवी गल्ली ताई, क्रियापदापेक्षा मला शब्दयोगी अव्ययाची काळजी जास्त आहे. 'सर्व्हरवर' हे अर्धंच वाक्य. 'अमुक फोल्डरमध्ये' असं म्हटल्याशिवाय सूचना पुरी होत नाही. आणि त्या फोल्डरला मी फोनवर 'दर्शनी फोल्डर' म्हणते. दुकानाचा दर्शनी भाग सगळ्यांना कळतो. काय ठेवलं तर लोकांना दिसणार आणि काय नाही, हे एका शब्दात निघतं.

आठवी गल्ली :
दर्शनी फोल्डर! हा घेतला. मी 'रूट' म्हणत होते आणि पोरं मोबाइल रूट करण्याशी जोडत होती.

खासबाग :
थोडा इतिहास, कारण मूळ शब्द काय होते ते इथं उपयोगी पडेल. एफटीपी, म्हणजे दोन संगणकांत फाइली नेण्या-आणण्याची ठरलेली पद्धत, तिचा पहिला मसुदा एका भारतीयाचा आहे. आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण तेव्हा एमआयटीत होते. इंटरनेटच्या अशा पद्धती ज्यात मांडतात त्या दस्तांना आरएफसी म्हणतात; आरएफसी ११४ ह्या क्रमांकाचा त्यांचा दस्त १६ एप्रिल १९७१ चा आहे. पुढं ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये एफटीपीचं आजचं रूप पक्कं झालं.

गंमत अशी की त्यात फाइल पाठवण्याच्या आज्ञेचं नाव अपलोड नाही. तिथं 'स्टोर' आहे, एस टी ओ आर अशी चार अक्षरं. परत आणण्याला आर ई टी आर, म्हणजे रिट्रीव्ह. माणसानं काळ्या पडद्यावर टाइप करायचे शब्द आणखी साधे, 'पुट' आणि 'गेट'. ठेव आणि आण.

म्हणून माझं मत 'ठेवणे'ला. शिरोली नाक्याच्या ताई जे म्हणतात तेच हे क्रियापद आपोआप करून घेतं. मराठीत कुणी 'टाकलं', 'सोडलं' म्हटलं तर आपण मान हलवतो. 'ठेवलं' म्हटलं की तोंडातून पटकन निघतं : कुठं?

सायबर चौक :
हे बाकी पटलं भावा. 'ठेव'ला जागा लागतीच.

पण 'टाकणे'वर अन्याय नको. 'पैसे खात्यात टाकले' म्हणतोच की आपण, आणि तिथं खातं नंबर चुकून चालत नाही. वाईट आहे ते 'सोडणे'. 'लोकेशन सोड', 'फोटो सोड' हे व्हॉट्सॲपला ठीक, कारण समोर घ्यायला माणूस बसलाय. सर्व्हरच्या टोकाला कोणी बसलेलं नसतं.

अजून एक, मॅडम. पत्रकात एफटीपी लिहू नका, एसएफटीपी लिहा. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, मधल्या वायफायवरून कुणीही वाचेल. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी २०२१ मध्येच एफटीपीचा आधार काढून टाकला. नाव सारखं असलं तरी एसएफटीपी म्हणजे एफटीपीला कुलूप लावलेलं नव्हे, ते एसएसएच ह्या सांकेतिक, बंदिस्त जोडणीवर चालणारं वेगळंच प्रकरण आहे. पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा नंबर, २१ च्या जागी २२. जोडणी होत नसेल तर आधी तो आकडा बघायला सांगा.

आठवी गल्ली :
आता दुसरी अडचण. सर्व्हरवरच्या फाइल-फोल्डरच्या 'परमिशन'ला परवानगी म्हणते, तर पोरं विचारतात कुणाकडून घ्यायची. त्यांना वाटतं अर्ज करायचा असतो.

सायबर चौक :
'मुभा' म्हणा. कुणाला काय करायची मुभा आहे. तीन माणसं : मालक, त्याचा गट, बाकीचे. तीन कामं : वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. बेरीज करायची. फाइलला ६४४ म्हणजे मालकानं वाचायचं-लिहायचं, बाकी सगळ्यांनी नुसतं वाचायचं. फोल्डरला ७५५. फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे 'चालवणं' नव्हे, 'आत शिरणं'. हे पत्रकात वेगळं लिहाच, नाहीतर फोल्डर चालवायचं म्हणजे काय हा प्रश्न येणारच. आणि कुठल्याही व्हिडिओत ७७७ करा म्हणून सांगितलं तर तो व्हिडिओ बंद करायचा.

शिरोली नाका :
मुभा छान. त्याला जोडून, पान उघडलं नाही की ब्राउझरमध्ये दिसणारे दोन आकडे. ४०४ म्हणजे त्या नावाचं काही नाहीच. ४०३ म्हणजे आहे, पण तुम्हाला मुभा नाही. नवख्यांना ४०३ येतो तो बऱ्याचदा दर्शनी फोल्डरमध्ये 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नसल्यामुळं. पहिल्या पानाचं नाव 'होम' ठेवलेलं असतं. सर्व्हर इंडेक्स शोधतो, मिळत नाही, फोल्डरातली यादी उघडी दाखवायची नसते, मग दार लावून घेतो.

चप्पल लाईन :
आमच्या साईटवर एकच फोटो दिसत नव्हता. कापशी चपलेचा. बाकी पुकरीचा, कचकडीचा सगळे दिसायचे. मशीनवर तर तोही दिसतोय. काय असंल?

सायबर चौक :
फाइलचं नाव बघ भावा. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोचं शेपूट कॅपिटल 'जेपीजी' असतं. तू पानात स्मॉल लिहिलं असशील. विंडोजला दोन्ही एकच. होस्टिंगवर बहुतेक लिनक्स असतं, त्याला कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी नावं. सगळी नावं स्मॉलमध्ये, मधे जागा सोडायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

चप्पल लाईन :
तेच होतं! मग सरळ मराठीत नाव दिलं तर? मराठीत कॅपिटलची भानगडच नाही.

सायबर चौक :
चालतं, पण पत्ता बघवत नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. 'क' म्हणजे टक्का ई झिरो, टक्का ए फोर, टक्का नाइन फाइव्ह. 'कापशी'त क, काना, प, श, वेलांटी अशी पाच चिन्हं. पाच नव्वे पंचेचाळीस. एवढं शेपूट गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवणार का? फाइलचं नाव रोमन स्मॉलमध्ये, पानातला मजकूर खुशाल मराठीत. आणि पानाच्या वरच्या भागात कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ची ओळ विसरायची नाही, नाहीतर 'कापशी'च्या जागी टोप्या घातलेले 'ए' दिसतात.

जुळारी :
'फाइल'बद्दल कुणी बोललं नाही म्हणून. संचिका विकिपीडियावर, धारिका कोशात, नस्ती मंत्रालयात. पत्रकात 'फाइल'च लिहा. तो शब्द केव्हाच घरचा झालाय.

पण 'ठेवणे'बद्दल माझी तक्रार राहतेच. ठेवलं म्हणजे आता काही करायचं नाही असा भाव येतो. मशीनवर पान दुरुस्त केलं की सर्व्हरवरचं आपोआप बदलत नाही, प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा पाठवावं लागतं, हे 'ठेवा'तून निघत नाही. दुरुस्ती केली की फर्मा पुन्हा चढवायचा, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नसे.

शिरोली नाका :
काकांचा मुद्दा बरोबर आहे. आणि पुन्हा पाठवताना ती खिडकी येते, ह्या नावाची फाइल आधीच आहे, काय करू? तिथं 'ओव्हरराइट'. पोरं घाबरून 'स्किप' दाबतात आणि परत फोन, बदल दिसत नाही. मी सांगते, 'जुनीवर नवी चढव'. तिथं 'चढवणे' बरोबर बसतं. पण जुनी उतरवून घेतली का, हे आधी विचारते. एवढं करूनही जुनंच दिसलं तर कंट्रोल आणि एफ-५. ब्राउझरनं आपल्यापाशी धरून ठेवलेली जुनी प्रत असते ती.

आठवी गल्ली :
सगळ्यांचं ऐकून पत्रकातला मजकूर असा केला :

"डाव्या बाजूला तुमच्या मशीनवरचं साईटचं फोल्डर उघडा. उजव्या बाजूला दर्शनी फोल्डर (पब्लिक अंडरस्कोर एचटीएमएल) उघडा, त्याच्या आत जा. आता डावीकडच्या फोल्डरमधलं सगळं निवडा आणि उजवीकडं नेऊन ठेवा. ह्याला अपलोड म्हणतात. पुढं पानात काही बदल केला, तर तेवढी फाइल पुन्हा अपलोड करा, जुनीवर नवी चढू द्या. सर्व्हरवरची प्रत हवी असेल तर ती उतरवून घ्या, तिकडची फाइल जागेवरच राहते."

सायबर चौक :
'ह्याला अपलोड म्हणतात' हे पहिल्या ओळीत घ्या मॅडम. आणि 'सगळं निवडा'च्या आधी 'आत इंडेक्स आहे का बघा'.

शिरोली नाका :
आणि 'त्याच्या आत जा' ठळक टाइपात.