विषय: बाळीची नखं कोणी कापायची? (सध्या मुक्काम नागपूर)

प्रेषक: बाळीचा बाबा, गुरुवार, पहाटे 2 (नागपूरची वेळ)

मंडळी, नमस्कार.

नऊ दिवसांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. बारसं रविवारी आहे, तोवर घरात सगळे तिला बाळीच म्हणतात. दिलेल्या तारखेनंतर आठ दिवसांनी आली, त्यामुळे येतानाच नखं बोटांच्या बाहेर घेऊन आली. तीन दिवसांत दोन्ही गाल ओरबाडून झाले.

काल मी लहान मुलांचं नेलकटर घेऊन बसलो. अंगठ्याचं नख कापलं आणि त्याबरोबर कातडीही. मोहरीएवढा रक्ताचा ठिपका आला. बाळी किंचाळली, बायको रडली. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

आता बायको म्हणते मोजे घालून ठेवू. पण बाहेर 45 डिग्री आहे, कूलरपुढेसुद्धा मोजे घामाने ओले होतात. मावससासूबाई म्हणतात, दाताने कुरतडा, त्यांनी चारही पोरांची तशीच काढली. इथे सगळे झोपलेत आणि तुमच्याकडे न्यू जर्सीत अजून दुपार आहे, म्हणून मंडळाच्या या ईमेल यादीवर विचारतोय. तुम्ही कसं करायचात?

प्रेषक: मंडळाच्या वाचनालयाची ताई

अभिनंदन! आधी एक कबुली. नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी अनेक वर्षं गेली, आणि माझ्या स्वतःच्या मुलाच्या बोटातून पहिलं रक्त मीच काढलं. तेव्हा सासूबाईंच्या गप्प बसण्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

तू चुकलास कुठे ते सांगते. आपल्या बोटाला नखाचा पांढरा भाग वेगळा दिसतो, कापायचं कुठवर ते कळतं. नवजात बाळाचं नख कागदासारखं पातळ असतं आणि खालची कातडी जवळजवळ टोकापर्यंत त्याला चिकटलेली असते. नेलकटर नखाला लावलं की कातडी आपोआप त्यात येते. म्हणून खरं काम डाव्या हाताचं. बाळीचं एकच बोट अंगठा आणि तर्जनीत धर आणि बोटाचा खालचा गुबगुबीत भाग हळूच खाली दाब. नखाची कड सुटी होऊन वर येते. ती नीट दिसली तरच कापायचं, नाही दिसली तर ते बोट सोडून दे. नख अगदी मुळाशी घ्यायचा हट्ट नको, थोडं राहू दे.

मूठ उघडत नसेल तर बोटं उलगडायला जाऊ नकोस. तळव्याला काही लागलं की ती आणखी घट्ट धरणार, या वयात ते आपोआप होतं. हाताच्या पाठीवरून बोट फिरव, मूठ सैल होईल.

खरं सांगू? पहिले काही आठवडे मी कापतच नाही, घासते. मऊ कागदी फाइल घे, मोठ्या माणसांची धातूची नको. एकाच दिशेने दोन-चार हात. वेळ लागतो, पण रक्त येत नाही. कापायचंच असेल तर बाळांचं नेलकटर किंवा बोथट टोकाची कात्री. ती बाळीचीच वेगळी ठेव आणि आधी स्वतःचे हात धू. आंघोळीनंतर नखं मऊ असतात. गाढ झोपेत असली तर फारच बरं: हात उचलून सोडून बघ, धपकन पडला तर सुरुवात कर.

हाताची नखं भराभर वाढतात, आठवड्यातून एकदा, कधी दोनदाही बघावी लागतील. पायाची मात्र महिन्यातून एकदोनदा पुरे. ती सरळ रेषेत घ्यायची, कोपरे गोल करायचे नाहीत. बाजूने कातडीत रुतल्यासारखी दिसतील, पण इतकी मऊ असतात की बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

पुन्हा रक्त आलंच तर स्वच्छ गॉज किंवा कापड धरून दोन-तीन मिनिटं दाबून ठेव. सारखं उघडून बघू नकोस. हळद नको, पावडर नको, आणि बँडेड तर अजिबात नको. बोट तोंडात जाणार, पट्टी सुटली की घशात अडकते. अंगठा लाल होऊन सुजला, पू दिसला, म्हणजे नखुरडं झालं, तर डॉक्टरकडे. आणि इतक्या लहान बाळाला 38 डिग्री सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप आला तर कारण काहीही असो, वाट न बघता लगेच.

प्रेषक: ढोलपथकाचे काका

ताई, इतकं अवघड करू नका हो! आमच्या दोन्ही पोरांची नखं बायकोने दातानेच काढली. एक इंजिनिअर झाला, दुसरा वकील.

प्रेषक: मंडळाच्या वाचनालयाची ताई

काका, वकिलीचा नखांशी संबंध नाही. तोंडातले जंतू थेट जखमेत जातात. त्यातून कोणाच्या ओठावर ताप मुतल्यासारखी पुळी असेल तर तो विषाणू नवजात बाळाला जिवावर बेतू शकतो. शिवाय दातांनी आपण काय तोडतोय ते दिसत नाही. मावससासूबाईंना हसून नाही म्हणा, पण नाहीच म्हणा.

प्रेषक: धरमपेठेची आजी

जावईबापू, माझी लेक तिकडे न्यू जर्सीत आहे म्हणून या यादीत माझंही नाव आहे. वाचते सगळं, लिहीत नाही कधी. आज लिहून राहिली.

तुम्ही कुठं बसून कापलं ते सांगितलं नाही. मी सांगते, कूलरच्या खोलीत! मे महिन्यात नागपुरात घरं कशी राहतात मला काय माहीत नाही का? खिडकीत कूलर, दाराला पडदा, भर दुपारी अंधार. तिथं बसून ज्वारीच्या दाण्याएवढं नख कापून राहिले. हात कापला नाही तर काय होईल?

सकाळी साडेसहाला ऊन चढायच्या आत दाराजवळ बसा, पाठीमागून उजेड येईल असं. एकानं लेकरू धरायचं, एकानं बोट. आणि कात्री हातात असताना लाईन गेली तर आधी कात्री बाजूला ठेवा. कूलर बंद पडला की लेकरू दचकून हात झटकते.

मोजे घालाच म्हणतील तर आधी उलटे करून बघा. आतला सुटा दोरा बोटाला गुंडाळला की बोट सुजून निळं पडते. बाईचा लांब केससुद्धा तसाच गुंडाळला जाते. लेकरू उगाच रडत असलं तर हातापायाची बोटं पहिले बघावी. या गर्मीत मी तर मोजे काढूनच टाकले असते. हात तोंडाशी नेऊ द्या तिला, भूक लागल्याचं तेच सांगते.

आणि शनिवारी, दिवेलागणीला नखं कापायची नाहीत असं घरच्यांनी म्हटलं तर वाद घालू नका. आठवड्यात सहा सकाळी उरतात.

प्रेषक: बाळीचा बाबा, शुक्रवार, सकाळी 8 (नागपूरची वेळ)

ताई, आजी, दंडवत.

काल धंतोलीत जाऊन फाइल आणली. आज साडेसहाला महाल भागातल्या या घराच्या पुढच्या ओसरीत बसलो. बाळी दूध पिऊन सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपली होती. हात उचलून सोडला, धपकन पडला. बोट खाली दाबल्यावर नखाची कड खरंच सुटी झाली, परवा ती मला दिसलीच नव्हती. तीन नखं कापली, करंगळीचं घासलं, दुखरा अंगठा सोडून दिला. तो आता सुकलाय, लाली नाही.

मी मान वर केली तर सासूबाई श्वास रोखून बसलेल्या. मग म्हणाल्या, "जमते की तुम्हाला. काऊन एवढे घाबरले होते?" परवापासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य. लगेच पुढचा हुकूमही आला. उजव्या हाताचं आज नाव काढायचं नाही, बाळी जागी झाली आहे. उद्या शनिवार. म्हणजे रविवारी सकाळी, बारशाचे पाव्हणे यायच्या आत.