मदत हवी आहे: हस्तिदंतावरचं एक कुटुंबचित्र आणि असईची लढाई

नमस्कार मंडळी,

इथे नॉटिंगहॅममध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या आजी नुकत्याच वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. जाण्याआधी त्यांनी एक लहानसं चित्र माझ्या हाती दिलं. "माझा हा पूर्वज तुमच्या मुलखात लढला होता, तू सांभाळ," एवढंच म्हणाल्या. त्याचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला ते शोधून काढायचंय.

चित्र जेमतेम चार इंच उंच आणि तीन इंच रुंद, हस्तिदंताच्या पातळ कापावर जलरंगात काढलेलं. घोडदळाचा अधिकारी उभा, शेजारी बसलेली बायको, तिच्या मांडीवर बाळ आणि गुडघ्याशी बिलगलेलं एक मोठं मूल. मोठ्याने झगा घातलाय, पण त्या काळी लहान मुलग्यांनाही झगेच घालत, त्यामुळे मुलगा की मुलगी ते कळत नाही. बाळाच्या मुठीत पोवळ्याचा खुळखुळा आहे. भिंगातून पाहिलं तर चेहरे सगळे बारीक ठिपक्यांनी भरलेले, आणि गालांवर रंग इतका विरळ की खालचा दंत झळकतो. फार सुरेख काम आहे. सही मात्र कुठेच दिसत नाही.

आता गणवेशाबद्दल. निळा आखूड कोट, त्यावर रुपेरी पट्ट्या, पिवळी कॉलर. टेबलावर केसाळ तुऱ्याचं टार्लटन शिरस्त्राण. १८१२ च्या नियमांनी लाइट ड्रॅगून्सचं, म्हणजे इंग्रजांच्या हलक्या घोडदळाचं, हे शिरस्त्राण जाऊन शाको ही उंच टोपी आली, म्हणजे चित्र त्याच्या आधीचं असावं. बायकोचा उंच कमरेचा पांढरा मलमली झगाही त्याच काळाशी जुळतो. पिवळी कॉलर १९व्या लाइट ड्रॅगून्सची होती, पण इतरही काही रेजिमेंटची होती.

खरी गोष्ट पुढेच आहे. छातीवरच्या पट्ट्याच्या बिल्ल्यावर मोहरीएवढी एक आकृती आहे आणि मला ती हत्तीसारखी दिसते. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला (आजचा जालना जिल्हा) शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांविरुद्ध इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने लढलेल्या ज्या पलटणींना पुढे हत्तीचं चिन्ह मिळालं, त्यांत १९वी लाइट ड्रॅगून्स होती. घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल त्याच दिवशी तिथे पडला. हिंदुस्थानात या घोडदळाला निळ्याऐवजी करडा कोट असे, म्हणून चित्र रेजिमेंट विलायतेला परतल्यावरचं, म्हणजे साधारण १८०७ ते १८१२ मधलं असावं, असा माझा कयास. माझं माहेर भोकरदनचं, असईपासून अगदी जवळ. त्यामुळे हे मला नुसतं शौक म्हणून नकोय.

जाणकारांना विचारायचंय ते असं: १८१२ पूर्वी १९व्याचे अधिकारी पट्ट्याच्या बिल्ल्यावर हत्ती लावत होते का? लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये किंवा आणखी कुठे कोणी असा बिल्ला पाहिलाय का?

दुसरं, काचेच्या आतल्या बाजूला बारीक थेंब आलेत. जुन्या काचेतून असा क्षार पाझरतो आणि तो जलरंगाला घातक असतो, एवढं वाचलंय. चौकट मी उघडलेली नाही, उघडणारही नाही. हवा कोरडी झाली की दंत वाकतो, तडकतो, म्हणून हीटरपासून लांब ठेवलंय. मिनिएचरचं (अशा लघुचित्रांचं) काम करणारा विश्वासू संवर्धक कोणाला माहीत असल्यास जरूर सांगा.

भर: काही प्रतिसादांत विचारलंय की विकणार का, भारतात नेणार का. विकणार नाही. इथल्या २०१८ च्या हस्तिदंत कायद्यात १९१८ पूर्वीच्या छोट्या व्यक्तिचित्रांना नोंदणी करून विकायची सवलत आहे, पण मला ती वापरायची नाही. बाहेर न्यायला साइटिसचा (धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना लागतो आणि भारतात तर हस्तिदंताच्या व्यापारावर बंदीच आहे. चित्र इथेच राहील.

एका सदस्यांनी छान वाट दाखवली, त्यांचे मनापासून आभार. १८२८-२९ मध्ये अधिकाऱ्यांकडून भरून घेतलेली सेवेची निवेदनं लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (सरकारी दफ्तरखान्यात) युद्ध खात्याच्या डब्ल्यूओ २५ या मालिकेत आहेत आणि त्यांत लग्नाची व मुलांच्या जन्माचीही माहिती आहे. म्हणजे १८०३ ला असईला असलेला आणि १८१२ च्या आत दोन मुलं झालेला अधिकारी शोधायचा. क्यूला बसून हे कागद पाहिलेलं कोणी इथे असेल तर सुरुवात कुठल्या खंडापासून करावी, तेवढं सांगा. पुढच्या महिन्यात जायचा विचार आहे.