पुण्यातलं मिळेल ते कॉलेज की लांबचं पण पोराला साजेसं? ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी बोलूया

कोरेगावकर
सीईटीचा निकाल लागला की दरवर्षी घरोघरी तीच यादी फिरते. सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी, आणि तिथं पर्सेंटाईल पुरत नसेल तर पुण्याच्या आसपास जिथं मिळेल तिथं कॉम्प्युटर, तेही नाही जमलं तर मॅनेजमेंट कोट्यातून. पोराला काय आवडतं, चार वर्षं तो तिथं नेमकं काय करणार, हे कुणी विचारतच नाही. मधल्या पर्सेंटाईलच्या मुलांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यांना साजेशी कॉलेजं महाराष्ट्रातच आहेत, फक्त ती त्या यादीत नसतात.

इचलकरंजीचं डीकेटीई घ्या, टेक्सटाईलचं कॉलेज. १९८२ पासून आहे, जुन्या राजवाड्यात भरतं. सूत काढण्यापासून कापड विणून रंगवण्यापर्यंतची मशिनरी कॉलेजातच आहे आणि बाहेर पडलं की अख्खं गाव मागावर चालतंय. ज्याला मशीन उघडून बघायची हौस आहे अशा पोराला पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात बसवून काय मिळणार? नागपूरचं एलआयटी, केमिकलचं जुनं कॉलेज, १९४२ चं, लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभं राहिलं, २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. केमिकल म्हटलं की सगळे मुंबईच्या आयसीटीचं नाव घेतात, पण एलआयटी आमच्या सातारा-सांगलीकडे विचारून बघा, दहातल्या आठांना माहीत नसतं. नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज तसंच. आणि इंजिनिअरिंगच्या बाहेर गेलं तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं, तिथं बारावी सायन्सनंतर चार वर्षांची डिग्री मिळते. हे किती पालकांनी ऐकलंय?

माझं म्हणणं एवढंच की सुरुवात पोरापासून करा, कटऑफच्या यादीपासून नको.

हिंजवडी_फेज२
दादा, वाचायला छान वाटतं पण मी रोज कॅंडिडेट घेतो म्हणून सांगतो, शहराचा फरक पडतो आणि भरपूर पडतो. कंपन्या ड्राइव्हला जातात तेव्हा प्रवास, दिवस, किती पोरं मिळतील हे सगळं बघतात, त्यामुळे लांबच्या कॉलेजच्या पोरांना पूल कॅम्पससाठी (अनेक कॉलेजांची एकत्र भरती) रात्रीची गाडी पकडून पुण्याला यावं लागतं, आणि इथलं पोरगं सकाळी बसने येऊन फ्रेश बसलेलं असतं. सातव्या सेमिस्टरला इंटर्नशिप करायची तर इथं कॉलेज सांभाळून करता येते, तिकडे राहून कशी करणार?

आणि टेक्सटाईलचं म्हणाल तर माझ्याच टीममध्ये दोघं टेक्सटाईल केलेले आहेत, दोघंही आता जावा लिहितात. शेवटी इथंच यायचं तर चार वर्षं आधीच का येऊ नये? अठराव्या वर्षी पोराला 'काय आवडतं' हे त्याला स्वतःला तरी कुठं माहीत असतं हो. तेव्हा जिथं जास्त दारं उघडी राहतात तिथं पाठवावं, सरळ हिशोब आहे.

पंचगंगाकाठ
हिंजवडीवाले भावा, ते दोघं आयटीत आले म्हणजे सगळेच आले असं नाही ना. मी टेक्सटाईल केलंय आणि त्याच लाईनीत आहे. पहिली नोकरी सिल्वासाला स्पिनिंग मिलमध्ये, शिफ्ट ड्युटी, पगार आयटीवाल्या मित्रांपेक्षा कमी, हे खरंय आणि ते मी कुणापासून लपवत नाही. पण कॉलेजात असताना रिंग फ्रेमवर (सूत कातायच्या मशीनवर) धागा तुटला की तो जोडायला बोटं कशी फिरवायची हे आमच्याकडून करून घेतलं होतं, शेडमधली हवा कोरडी झाली की धागा का तुटायला लागतो हे तिथं उभं राहून कळलं होतं. मिलमध्ये पहिल्याच आठवड्यात नाईट शिफ्टला तुटी वाढल्या, मी आधी ह्युमिडिफिकेशन प्लांट, म्हणजे शेडमधल्या हवेत ओलावा ठेवणारी यंत्रणा, बघायला गेलो, प्रॉब्लेम तिथंच होता. त्यानंतर जॉबर लोक (मशिनी सांभाळणारे जुने कारागीर) मला विचारायला लागले. हे पुस्तकातून येत नाही.

मात्र कोरेगावकर, एक सांगतो, ज्याला मशीनचा आवाज, धूळ, शिफ्ट नको असेल त्यानं नुसतं वेगळं म्हणून इकडे येऊ नये. आमच्या बॅचला तशी पोरं होती, चार वर्षं नुसती रडत होती.

उदगीरची_आई
मला वेगळं विचारायचंय. मुलीला बायोलॉजी आवडते, नीटमध्ये मार्क कमी पडले. आमच्याकडे लातूर पॅटर्नचं वारं असं आहे की दोन वर्षं रिपीट करणं म्हणजे काहीच विशेष नाही, सगळे म्हणतात अजून एक वर्ष द्या. ती म्हणते मला परत नाही करायचं. इथं वर शिरगावचं वाचलं तर आमच्या उदगीरलाच मत्स्यविज्ञानाचं कॉलेज आहे ते आठवलं, इतकी वर्षं त्या रस्त्यावरून जातो पण आत काय शिकवतात कधी विचारलं नाही. याचं पुढं काय होतं, नोकरी मिळते का, कुणी नीट सांगेल का? माझ्या घरी सासरे म्हणतात मासे धरायला डिग्री कशाला.

भरतीओहोटी
ताई, मी शिरगावचा माजी विद्यार्थी. सासऱ्यांना सांगा की ही मासे धरायची डिग्री नाही. कोळंबीची हॅचरी (पिल्लं तयार करायचं केंद्र) चालवणं, तळ्याच्या पाण्यातला ऑक्सिजन आणि अमोनिया सांभाळणं, खाद्य किती टाकायचं, रोग कसा ओळखायचा, माल परदेशी जाण्याआधी प्रोसेसिंग कसं करायचं, हे सगळं यात येतं. माझ्या ओळखीचे लोक आंध्रात कोळंबी कंपन्यांत आहेत, काही खाद्य कंपन्यांत, काही राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात. आणि एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते, बँकांमध्ये कृषी क्षेत्र अधिकारी म्हणून आयबीपीएसची जी परीक्षा होते तिला फिशरी सायन्सची डिग्री चालते. पुढं शिकायचं तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय संस्था आहे, सीआयएफई. आपल्या चार वर्षांच्या डिग्रीचा प्रवेश सीईटीवर होतो, नीटवर नाही, तेव्हा सीईटी दिली असेल तर कॅपचं (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) वेळापत्रक आजच बघा.

खाजगी नोकऱ्या बहुतेक महाराष्ट्राबाहेर आहेत हे मात्र मुलीशी आधीच बोलून घ्या. गुजरात किंवा आंध्रात किनाऱ्यावर राहायची तयारी हवी.

तासिका_तत्त्व
मी एका लहान गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, नाव देत नाही. कोरेगावकरांनी दिलेली नावं चांगली आहेत पण ते अपवाद आहेत हो. ही चर्चा वाचून कुणी 'कमी माहितीचं म्हणजे चांगलं' असं समजून बसलं तर पोराचं वाटोळं होईल. आमच्याकडे डिपार्टमेंटला कायमचे लोक बोटावर मोजण्याइतके, बाकी सीएचबी (तासांवर पगार घेणारे), वर्षाच्या मध्येच सोडून जातात, एक विषय अर्धा एकानं अर्धा दुसऱ्यानं शिकवलेला. लॅबमधली लेथ फक्त कमिटी यायची असली की चालू होते. ब्रोशरवर मात्र पहिल्या पानावर हिरवळ आणि कारंजं.

म्हणून कॉलेज अनोळखी असेल तर चौकशी दुप्पट करा. एनआयआरएफसाठी (केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगसाठी) भरलेल्या माहितीची पीडीएफ कॉलेजच्या वेबसाईटवर असते, रँक आली नसली तरी. ती उघडा. शिक्षकांच्या यादीत नोकरीला लागल्याची तारीख असते, निम्मे लोक गेल्या वर्षी लागलेले दिसले की समजून जा. त्यातच किती पोरं पास झाली, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती हेही असतं. सरासरी पॅकेजच्या फ्लेक्सवर विश्वास ठेवू नका, एका पोराला मोठं पॅकेज लागलं की सरासरी वर जाते, मधला आकडा तसा हलत नाही.

हिंजवडी_फेज२
तासिका सर, ती माहिती कॉलेजच भरतं ना पण? स्वतःच परीक्षा द्यायची आणि स्वतःच तपासायची. मी तर म्हणतो लिंक्डइनवर त्या कॉलेजचे चार-पाच वर्षांपूर्वीचे विद्यार्थी शोधा, कुठं आहेत ते बघा, दोघांना मेसेज टाका. यात कुणी बनवाबनवी करू शकत नाही.

तासिका_तत्त्व
ते पण करा. पण लिंक्डइनवर मत्स्यखात्यातला अधिकारी किंवा मिलचा मॅनेजर दिसेलच असं नाही, तुमच्या लाईनीतलेच लोक तिथं जास्त. आणि आकडे फुगवता येतात, मान्य, पण शिक्षकांची नावं असतात त्यात. कॉलेजात जाऊन त्यातल्या तिघांना भेटायचंय म्हणा, आहेत की नाहीत लगेच कळतं.

कोरेगावकर
सर तुमचा मुद्दा एकदम मान्य, कुठलंही अनोळखी कॉलेज घ्या असं मी म्हणतच नाही. पण हिंजवडीवाले, 'दारं उघडी राहतात' म्हणता ना, खर्चाचं बोला. पुण्यात रूम, मेस, प्रवास आणि वर खाजगी कॉलेजची फी, यासाठी लोक जमीन गहाण टाकतायत. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या साईटवर कॉलेजनिहाय मिळते, ती तरी किती जण बघतात? कर्ज डोक्यावर असलेलं पोरगं मिळेल ती नोकरी धरतं, तेव्हा कुठली दारं आणि कुठलं काय. मुलींचं तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीमध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण ते कॅपमधून प्रवेश घेतला तर. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हे सगळं गेलं.

हिंजवडी_फेज२
खर्चाचं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. तरी ज्या पोराला कोडिंगच करायचंय आणि घरची परिस्थिती ठीक आहे त्याला मी पुणेच सांगणार.

उदगीरची_आई
सगळ्यांचे आभार. भरतीओहोटी दादा, उद्या मुलीला घेऊन इथल्या कॉलेजात जाऊन येते, सासऱ्यांनाही नेते. फॉर्ममध्ये शिरगाव पहिलं टाकू की उदगीर?

भरतीओहोटी
जे तिला खरंच हवं ते पहिलं टाका. पहिल्या राउंडला फॉर्ममधलं पहिलं कॉलेज मिळालं की सीट तिथंच पक्की होते, पुढच्या राउंडला बदलता येत नाही. घराजवळ राहायचं असेल तर उदगीर, समुद्र बघून शिकायचं असेल तर शिरगाव. तिथं बंदर जवळ आहे, पहाटे मिरकरवाड्याला बोटी लागल्या की कुठला मासा कुठल्या जाळ्यातून आला ते हातात घेऊन बघता येतं. जाताना हॉस्टेलच्या मुलींशी बोलायला विसरू नका, आणि ऑफिसात फीची पावती मागा, पूर्ण फी आधी भरायला लावतात का ते विचारा.