स्टीम डेक ओलेड: एलसीडीवाल्यांनी बदलावा का?

मांडवीकाठ
स्टीम डेक म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी; जुन्याचा पडदा एलसीडी, नव्याचा ओलेड. गेम ओढायची ताकद दोन्हींची जवळपास सारखीच, हे आधीच मान्य. तरी नोव्हेंबर २०२३चा ओलेड घ्यावा, तो आतल्या कामासाठी. चिपची घडण ७ नॅनोमीटरवरून आणखी बारीक, ६वर आली, बॅटरी ४० वॉट-अवरची ५० झाली, पंखा मोठा, आणि वजन ६६९ ग्रॅमवरून ६४०. मे महिन्याच्या उकाड्यात पंखा कमी बोंबलतो, वीज गेली तर गेम जास्त टिकतो. मागचे स्क्रू टॉर्क्स टी६ (चांदणीच्या खाचेचे), धातूच्या आट्यांत बसणारे. एलसीडीत ते थेट प्लास्टिकात शिरतात. चार-पाचदा उघडलं की स्क्रू नुसता गरगरतो.

चवथीची_माटोळी
गरगरतो तो घाईमुळे रे! स्क्रू आधी उलटा फिरव, टक करून जुन्या आट्यात पडला की मग सुलटा, हलक्या हाताने. आठही असेच. आणि आपल्याकडे आधी मरते ती स्टिक, अंगठ्याने फिरवायची दांडी. ओलेडमध्येही पोटेन्शिओमीटरच: कार्बनच्या पट्टीवर पत्र्याचं बोट घासतं. पट्टी झिजली, वर पावसाळ्यातली दमट हवा, की हात न लावता कॅरेक्टर चालू लागतं. त्यापेक्षा जुन्यातच हॉल इफेक्ट स्टिक बसव. चुंबकावर चालते, घासायला काही नाहीच.

कुळागर
बसवा, पण क्रम चुकवू नका. मायक्रोएसडी कार्ड आधी बाहेर. आत राहिलं तर कव्हर ओढताना मधोमध मोडतं. मग बंद डेकवर आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून सेटअपमध्ये बॅटरी स्टोरेज मोड लावा. मग चार्जर जोडेपर्यंत डेक चालू होत नाही. एलसीडीत स्टिकच्या बोर्डाचे दोन प्रकार आहेत, बोर्ड बघितल्याशिवाय मागवू नका. शेवटी डेस्कटॉप मोडमध्ये कन्सोल (Konsole, कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'thumbstick_cal' ही स्टिकचा मध्य नव्याने ठरवणारी कमांड चालवा. हे राहिलं की स्टिक मध्यावर थांबत नाही, आणि शिव्या पार्टला.

मांडवीकाठ
हॉल स्टिक ओलेडलाही मिळते, तो काही एलसीडीचा गुण नव्हे. भारतात डेक अधिकृतपणे विकतच नाहीत, म्हापशात घ्या की मडगावात, दुरुस्ती आपल्याच गळ्यात. ओलेडचा पडदा मागचं कव्हर न काढता बदलता येतो, याची किंमत तेव्हा कळते.

चवथीची_माटोळी
आणि एकच गेम महिनोन्‌महिने खेळलास तर त्याच पडद्यावर हेल्थ बारची खूण उमटू शकते. ओलेडचा पडदा सेकंदाला ९० वेळा चित्र बदलतो, पण ते ९० हर्ट्झ तरी कशाला? जड गेम सेकंदाला ४० फ्रेमवरच लॉक करतात.

मांडवीकाठ
४५वर कर. प्रत्येक फ्रेम ९०मध्ये बरोबर दोनदा बसते. एलसीडीत ४०साठी पडदाच ४०वर उतरतो, म्हणून बटण दाबल्यावर जड वाटतं.