तिरक्या खुर्चीचं प्रतिबिंब जुळत नाही

प्रश्न: तिरक्या कोनातून टिपलेल्या खुर्चीखाली जमिनीवरचं प्रतिबिंब दाखवायला फोटोशॉपमध्ये (फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) खुर्चीच्या लेयरची (चित्राच्या वेगळ्या थराची) कॉपी करून फ्लिप व्हर्टिकल केलं, म्हणजे वरखाली उलटी केली. पुढचा पाय जुळतो, बाकीचे तीन मूळ पायांपासून सुटतात. काय चुकतंय?

उत्तर १: एका फ्लिपवर फक्त सरळ समोरून टिपलेल्या वस्तूचं भागतं. इथे चारही पाय चित्रात वेगवेगळ्या उंचीवर टेकलेत. प्रत्येक पाय स्वतंत्र लेयरवर कापा आणि आपापल्या टेकण्याच्या जागी आणा. सीटच्या कडा स्क्यूने (आकार तिरका ओढणारं साधन) वळवा. उभ्या रेषा उभ्याच ठेवा.

उत्तर २: शिवाय प्रतिबिंबात सीटचा माथा नाही, तळ दिसतो. तो फोटोत नसतोच, रंगवावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

प्रश्नकर्ता: आणि ब्लर (धूसरपणा) किती द्यायचा?

उत्तर १: पायाशी जवळजवळ शून्य, लांब जाईल तसा वाढता. सगळीकडे सारखा दिला की बनाव उघडा पडतो. प्रतिबिंबाची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ३०-४० टक्क्यांपासून सुरू करा.